डोळे मिटल्यावर दिसतं ते कुठून येतं?

तुमच्या गावच्या घराला खिडक्या किती? हा आकडा कुणी पाठ केलेला नसतो, त्यामुळे उत्तर पटकन येत नाही. पण थोडा वेळ मिळाला की बहुतेकांना ते सांगता येतं, आणि ते ज्या रीतीने येतं ती मोठी नवलाची आहे. माणूस मनातल्या मनात पायऱ्या चढतो, पडवी ओलांडतो, ओटीवरच्या खिडक्या मोजतो. माजघरात अंधार असतो, तिथे जरा रेंगाळतो. मग देवघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी मागीलदार. घर मालवणात आणि माणूस डोंबिवलीला लोकलमध्ये लटकलेला, तरी खिडक्या मोजून होतात.

त्या घरावरून आलेला प्रकाशाचा एक किरणही तेव्हा डोळ्यांत शिरलेला नसतो. मग त्याने मोजलं तरी काय?

उत्तरासाठी आधी खरं पाहणं कसं होतं ते समजून घ्यायला हवं. मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहून तुम्ही समोर सिंधुदुर्ग पाहता आहात असं धरू. तटावरून आलेला उजेड डोळ्याच्या बाहुलीतून आत शिरतो आणि डोळ्याच्या मागच्या दृष्टिपटलावर पडतो. तिथे प्रकाश टिपणाऱ्या साधारण १२ कोटी पेशी असतात. पण डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू असतात फक्त १० लाखांच्या आसपास. म्हणजे मेंदूकडे रवाना होण्याआधी, डोळ्यातच, मोठी काटछाट होते. उरलेली माहिती पोचते डोक्याच्या अगदी मागच्या भागात, प्राथमिक दृष्टिक्षेत्रात. तिथल्या पेशी काय करतात हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी शोधून काढलं आणि त्यासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. एखादी पेशी उभ्या कडेला प्रतिसाद देते, एखादी तिरक्या, एखादी आडव्या. इथे अजून किल्ला नसतो, नुसत्या कडा असतात. पुढच्या भागांत त्या कडांचे आकार होतात, रंग आणि हालचाल यांचा हिशोब लागतो, आणि कानांच्या आसपासच्या भागांपर्यंत पोचेपर्यंत ‘हा सिंधुदुर्ग’ ही ओळख पटलेली असते. हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा अंशात उरकतं.

एवढ्यावरून पाहणं हा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह वाटेल. तो तसा नाही. कर्ली किंवा कालावलच्या खाडीचं पाणी बघा. नदी समुद्राकडे वाहते खरी, पण भरती आली की समुद्राचं पाणी त्याच पात्रातून उलटं वर चढत जातं, पार आतल्या गावांपर्यंत. मेंदूतही डोळ्याकडून वर जाणाऱ्या वाटांबरोबर वरून खाली येणाऱ्या वाटा आहेत, आणि त्याही भरपूर आहेत. रोजच्या पाहण्यातही त्या वापरात असतात. धुक्यात दिसणारी ठिपक्याएवढी वस्तू होडीच असणार, हा अंदाज वरून खाली येतो आणि मग ती खरोखर होडीसारखी दिसू लागते.

डोळे मिटून कल्पना करताना मुख्यतः हीच उलटी वाट चालू होते. कुणी ‘सिंधुदुर्ग’ म्हटलं की नाव आणि अर्थ सांभाळणारे भाग आधी जागे होतात. कपाळामागचा भाग काम हाती घेतो, स्मृतीचे भाग तपशील पुरवतात, आणि संदेश पायरी पायरीने खाली उतरत कडा ओळखणाऱ्या पेशींपर्यंत पोचू शकतो. नादीन डायक्स्ट्रा या डच संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०२० साली हे क्षणाक्षणाच्या मोजमापाने दाखवलं. पाहताना मेंदूत जे टप्पे ज्या क्रमाने येतात, ते कल्पना करताना उलट्या क्रमाने उमटत होते. त्याआधी १९९९ साली स्टीफन कॉसलिन यांच्या गटाने दुसऱ्या बाजूने पुरावा दिला होता. डोक्याच्या मागच्या भागावर बाहेरून चुंबकीय स्पंद देऊन त्यांनी तिथलं काम थोडा वेळ विस्कळीत केलं. लोकांचे डोळे मिटलेले होते, मनातल्या चित्रावरून उत्तरं द्यायची होती, आणि ती उत्तरं रेंगाळू लागली. म्हणजे त्या कामात मागचा भाग खरोखर गुंतलेला होता.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो फार चिवट आहे. मेंदूत कुठे पडदा लावलेला नाही आणि त्यावरचं चित्र बघत बसलेला कुणी आतला माणूस नाही. तसा असता तर त्याच्या डोक्यात कोण बघतो, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. पेशींचं ते उद्दीपित होणं म्हणजेच आपलं दिसणं. त्यापलीकडे बघणारा वेगळा नाही.

मग मनातला किल्ला खऱ्याइतका ठसठशीत का नसतो? वरून येणारा जोर कमी पडतो, आणि खालून, डोळ्याकडून, त्याला दुजोरा मिळत नाही म्हणून. हा फरक कधी कधी पुसटही होतो. शेव्हेस पर्की या अमेरिकन संशोधिकेने १९१० साली एक सुरेख प्रयोग केला. काचेकडे टक लावून केळ्याची कल्पना करा, असं तिने लोकांना सांगितलं, आणि त्यांच्या नकळत काचेवर पलीकडून केळ्याची अगदी फिकी आकृती टाकली. लोकांनी ती आपल्याच मनातली मानली. मनात आडवं केळं आणायचं होतं, हे उभं कसं दिसतंय, याचं काहींना आश्चर्य वाटलं, तरी ते बाहेरून आलेलं असेल अशी शंका कुणाला आली नाही. डायक्स्ट्रा आणि स्टीफन फ्लेमिंग यांनी २०२३ साली हाच धागा पुढे नेला. त्यांच्या मते मेंदू कल्पनेची आणि वास्तवाची खूण एकाच मापाने ताडतो. खूण पुरेशी जोरदार असेल तर ‘हे खरं’, नाहीतर ‘हे मनातलं’. मला हे वाचून भासांकडे बघण्याची एक नवी, जास्त मायेची दृष्टी मिळाली. नसलेली माणसं दिसणाऱ्याला आपण पटकन वेडा ठरवतो. पण त्याच्या मेंदूत चालणारं काम आपल्या मेंदूतही रोज चालतं. कदाचित सीमारेषाच तेवढी सरकलेली असते.

आता घडणीकडे वळू. मनातलं चित्र साठवणीतून जसंच्या तसं काढलं जातं की नव्याने बांधलं जातं? याचं उत्तर एका समुद्रकिनाऱ्यात मिळालं. डेमिस हसाबिस (हेच पुढे २०२४ साली रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी झाले) आणि त्यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी २००७ साली हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना कल्पना करायला सांगितली: सुंदर उपसागराच्या काठी पांढऱ्या वाळूवर तुम्ही पडला आहात, काय काय दिसतंय ते सांगा. हिप्पोकॅम्पस आठवणी बनवतो हे आधीच माहीत होतं, त्यामुळे त्यांना जुनं न आठवणं समजण्यासारखं होतं. पण इथे तर कधी न पाहिलेला किनारा रचायचा होता, आणि बहुतेकांना तोही रचता आला नाही. आकाश निळं आहे, वाळू पांढरी आहे, असे सुटे तुकडे सापडत, ते एका जागेत मांडले जात नव्हते. म्हणजे आठवणं आणि कल्पणं ही दोन्ही कामं बऱ्याच अंशी एकाच कारखान्यात होतात. तुम्ही गावचं घर आठवता तेव्हाही ते त्या क्षणी नव्याने बांधत असता.

या बांधकामाला सामान किती थोडं लागतं, हे आपल्या दशावताराइतकं क्वचितच कुठे दिसेल. मागे एक पडदा, पुढे एक लाकडी बाक. राजा त्यावर बसला की बाक सिंहासन होतो, देव उभा राहिला की पर्वत होतो, आणि मृदंगाची लय पालटली की तोच रथ होऊन धावतो. संवाद लिहून पाठ केलेले नसतात, नट ते उभ्याउभ्या रचतात. देवळासमोर घोंगडी पांघरून बसलेली माणसं त्या शब्दांवरून जंगल, दरबार, युद्धभूमी उभी करतात, आणि प्रत्येकाची युद्धभूमी वेगळी असते. हल्ली दिव्यांचे आणि धुराचे देखावे असलेले ट्रिकसीन नाटकांत आले आहेत, त्यांना गर्दीही होते. मला मात्र बाकाचा तो जुना दशावतार प्रेक्षकावर जास्त विश्वास टाकणारा वाटतो.

पण हे चित्र खरोखर चित्रासारखं असतं का? की चित्र पाहतोय हा नुसता आपला समज, आणि आत साठलेली असते केवळ माहिती? या प्रश्नावर मानसशास्त्रात फार मोठा वाद झाला, आणि तो वाद मला या विषयाचा सगळ्यात रसाळ भाग वाटतो.

१९७१ साली रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या. एक आकृती दुसरीच्या मानाने फिरवलेली असे. दोन्ही एकच की वेगळ्या, एवढंच सांगायचं. फिरवलेला कोन जितका मोठा तितका उत्तराला वेळ जास्त, आणि तोही अगदी समप्रमाणात. हिशोब करता लोक ती वस्तू मनात सेकंदाला साधारण ६० अंशांच्या वेगाने फिरवत असावेत असं निघालं. १९७८ साली कॉसलिन आणि सहकाऱ्यांनी एका काल्पनिक बेटाचा नकाशा लोकांच्या मनात पक्का बसवला. त्यावर झोपडी, विहीर, झाड, तळं, खडक वगैरे खुणा होत्या. मग नकाशा काढून घेतला आणि मनातल्या नकाशावर एका खुणेवरून दुसरीवर जायला सांगितलं. अंतर जास्त, तर वेळही जास्त.

सिंधुदुर्गात फिरलेल्यांना हे स्वतः ताडून पाहता येईल. डोळे मिटून महादरवाजाशी उभे राहा आणि मनाने शिवराजेश्वराच्या देवळापर्यंत जा. मग पुन्हा दरवाजाशी या आणि ४८ एकरांच्या त्या बेटावरून थेट समुद्राकडच्या पलीकडच्या तटाशी जा. वाटेत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी लागतात का बघा. दुसरी फेरी जास्त वेळ घेते असं अनेकांना जाणवेल, मनाला चालायला पाय लागत नसले तरी.

झेनॉन पिलिशिन या मानसशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. १९७३ पासून ते बजावत होते की मनात साठतं ते वर्णन: अमुक गोष्ट तमुकच्या डावीकडे, एवढ्या अंतरावर. लांब जायला जास्त वेळ लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ‘मनाने जा’ म्हटल्यावर लोक नकळत तेवढा वेळ घेतात. यातून मेंदूत चित्र असल्याचं सिद्ध होत नाही. हा आक्षेप साधा दिसतो, पण तो खोडायला अनेक वर्षं गेली, आणि तो पुरता खोडला गेला असंही मी म्हणणार नाही. दृष्टिक्षेत्रावरच्या चुंबकीय प्रयोगाने पारडं कॉसलिनकडे झुकलं. पुढे काय झालं ते जरा थांबून सांगतो.

त्याआधी मिलानची गोष्ट सांगायलाच हवी. एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुझ्झात्ती या इटालियन डॉक्टरांकडे दोन रुग्ण होते. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाल्यामुळे डावीकडच्या जगाकडे त्यांचं लक्षच जात नसे. डोळे शाबूत होते. दोघंही मिलानचे, शहरातला मोठ्या चर्चचा चौक त्यांना तोंडपाठ. चर्चसमोर उभे आहात अशी कल्पना करून दिसेल ते सांगा, असं म्हटल्यावर त्यांनी मुख्यतः उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग म्हटलं, आता कल्पनेतच चर्चच्या पायऱ्यांवर जा आणि उलट तोंड करा. आता त्यांनी आधी गाळलेल्या इमारती भराभर सांगितल्या आणि मघाशी सांगितलेल्या गाळल्या. हे १९७८ साली प्रसिद्ध झालं. माहिती दोन्ही बाजूंची होती, ती गेलेली नव्हती. पण मनातल्या चौकालाही डावी-उजवी बाजू होती, आणि तो चौक उभा राहिलेल्या माणसाच्या जागेवरून दिसत होता. तुम्ही जेटीवरून किल्ला आठवता की किल्ल्याच्या तटावरून मालवण आठवता, यावर काय समोर येईल ते ठरतं.

चित्रासारखं म्हटलं तरी फोटोसारखं नाही, हेही लगेच सांगतो. सायकल आपण हजारो वेळा पाहिली आहे. रिबेका लॉसन यांनी २००६ साली इंग्लंडमध्ये लोकांना सायकलची साखळी, पेडल आणि सांगाडा नेमका कुठे असतो ते विचारलं, तर पुष्कळांनी अशी सायकल दाखवली जी चालणारच नाही. होडीची उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला जोडलेला लाकडी आधार, कशी बांधलेली असते ते कागदावर काढून बघा. होडीवर जाणाऱ्याला ते बरोबर काढता येईल, किनाऱ्यावरून रोज बघणाऱ्याला बहुधा नाही. मनातलं चित्र जिथे लक्ष देऊ तिथेच भरतं. बाकीचं भरलेलं आहे असं फक्त वाटतं.

आता माणसामाणसांतला फरक. तो माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे, आणि तो घरोघरी माहीत व्हायला हवा.

१८८० साली फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांना प्रश्नावली पाठवली: आज सकाळी न्याहारीला बसलात ते टेबल आठवा, ते किती उजळ, किती स्पष्ट, किती रंगीत दिसतं? काहींना ते समोर असल्यासारखं दिसत होतं. काहींना काहीच दिसत नव्हतं, आणि इतरांना दिसतं यावर त्यांचा विश्वासही बसत नव्हता. नंतर हा विषय बराच काळ मागे पडला. मग ॲडम झेमन या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञांकडे एक निवृत्त गृहस्थ आले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरील उपचारानंतर त्यांच्या मनातली चित्रं नाहीशी झाली होती. २०१० साली त्यांची हकिकत छापून आल्यावर, आपल्याला तर जन्मापासूनच असं आहे, असं सांगणारी माणसं पुढे आली. २०१५ साली झेमन यांनी या स्थितीला अफँटेशिया असं नाव दिलं. ढोबळ अंदाजाने शंभरातल्या एक ते चार जणांना ती असते. हा आजार नव्हे. ॲनिमेशनपटांच्या पिक्सार कंपनीचे एक संस्थापक एड कॅटमल यांनाही अफँटेशिया आहे. दुसऱ्या टोकाला अशीही माणसं आहेत ज्यांना मनातलं जवळजवळ खऱ्याइतकं स्पष्ट दिसतं.

आमच्या वाडीतल्या एका काकींशी यावर बोलणं झालं. मी विचारलं, “काकी, आवशीचां तोंड डोळ्यांसमोर येतां काय?”

“नाय रे बाबा. ती कशी होती तां माका म्हायत हा, पण दिसणां नाय. डोळे मिटले की काळोखच दिसता, दुसरा काय दिसतला?”

आईबद्दल त्या तासभर बोलल्या, तिच्या हाताच्या चवीपासून तिच्या रागापर्यंत. बागेतलं कुठलं कलम कुठे आणि कुणी लावलेलं, हेही त्यांना बिनचूक माहीत आहे. प्रेमाला आणि आठवणीला चित्राचा आधार लागतोच असं नाही, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

असं कुणी म्हणतं ते खरं कशावरून, ही शंका रास्त आहे. त्याची एक छान कसोटी आहे. प्रखर उजेडात डोळ्याची बाहुली लहान होते. २०२२ साली जोएल पिअर्सन यांच्या ऑस्ट्रेलियातल्या गटाने दाखवलं की नुसत्या उजळ आकृतीची कल्पना केली तरी बाहुली आकसते. अफँटेशिया असलेल्यांची बाहुली खऱ्या उजेडाला नेहमीसारखी आकसली, कल्पनेतल्या उजेडाला मात्र नाही. बाहुली ठरवून लहान-मोठी करता येत नाही, म्हणून ही साक्ष वजनदार आहे.

आणि इथे पिलिशिन यांच्या आक्षेपाला नव्याने बळ मिळतं. झेमन यांचे ते गृहस्थ चित्राशिवायही मनातल्या आकृत्यांच्या परीक्षा नीट पार पाडत होते. वेगळ्या वाटेने ते उत्तरापर्यंत पोचत. म्हणजे मेंदू दोन्ही वाटा जाणतो, चित्राची आणि वर्णनाची, आणि कुणाची भिस्त कशावर जास्त हे माणसागणिक बदलतं.

चित्राची वाटही मुळात एकेरी नाही. वस्तूचा रंग-रूप आणि वस्तूची जागा ही दोन कामं मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत चालतात. गणपतीच्या चित्रशाळेत शाडूची मूर्ती घडवणाऱ्याला सोंडेचा वळसा मागच्या बाजूने कसा उतरेल हे मनात फिरवून बघावं लागतं. डोळ्यांची आखणी करणाऱ्याला छटा आणि भाव लागतात. विल्मा बेनब्रिज आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली लोकांना खोल्यांची छायाचित्रं दाखवून ती आठवून काढायला सांगितली. अफँटेशिया असलेल्यांनी वस्तू कमी काढल्या, रंग कमी वापरले. पण काढलेल्या वस्तू आपापल्या जागी बरोबर होत्या, आणि नसलेल्या वस्तू त्यांनी इतरांपेक्षा कमी घुसडल्या. वर्गात “डोळ्यांसमोर आणा” म्हणून पुढे सरकणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. शंकूचा छेद ज्या मुलाला दिसत नाही त्याच्या हातात मातीचा शंकू आणि दोरा द्या. ते मूल मठ्ठ नाही.

मनातलं चित्र नकोसंही होतं. अपघात पाहिलेल्याला तो पुन्हा पुन्हा दिसतो. एमिली होम्स यांच्या गटाने २००९ साली लोकांना भीषण दृश्यांची फिल्म दाखवली, मग अर्ध्या तासाने त्यातल्या काहींना टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा खेळ खेळायला दिला. पुढच्या आठवडाभरात त्यांना ती दृश्यं कमी वेळा आठवली. आकार फिरवण्याच्या कामाने दृश्य हाताळणारी यंत्रणा व्यापली गेली, नको ते चित्र तिथे पक्कं बसायला जागा कमी उरली, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

खाण्याची तीव्र इच्छाही बरीचशी चित्रांवर पोसली जाते. श्रावणात मासे बंद असतात आणि बांगड्याचं तिखलं वाफेसकट समोर येतं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २०१२ साली जॅकी अँड्रेड आणि सहकाऱ्यांनी चॉकलेटची ओढ लागलेल्या लोकांना चिकणमातीसारख्या मऊ गोळ्याचे आकार करायला दिले, तर तोंडाने आकडे मोजण्यापेक्षा त्याने ती ओढ जास्त कमी झाली. हात आणि मन आकारात गुंतले की समोरचं ताट पुसट होतं. हा उतारा काही मिनिटं टिकतो, पण अशी ओढ बरेचदा तेवढ्यात ओसरते. आणि कोकणात ज्या दिवसांत मासळीची आठवण सगळ्यात जास्त छळते, नेमक्या त्याच दिवसांत गावोगावच्या चित्रशाळांमध्ये शाडू मळायला माणसं हवी असतात.